मुक्या गाडीचा ब्रेक

आमच्या गाडीला इंजिन नव्हतं, त्यामुळे तिच्यात बाकीचं सगळं ऐकू यायचं. डब्यातला चमचा, माझ्या बांगड्या, ह्यांच्या पोटातली गुरगुर. आणि ब्रेक.

परवा नातीने तिच्या नव्या विजेच्या गाडीत बसवलं आणि म्हणाली, “आजी, ब्रेक जरा कुरकुरतोय, पण तू घाबरू नकोस. तुला त्यातलं काही कळायचं नाही.” मी बरं म्हटलं. म्हाताऱ्या माणसाने बरं म्हणावं, पुढचे कष्ट वाचतात. पण विजेच्या गाडीचा ब्रेक का कुरकुरतो ह्या प्रश्नावर मी जव्हारमध्ये दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस घालवलेत, आणि तेव्हा ही पोरगी जन्मायची होती.

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे पंचावन्नची. शाळा मोखाड्याच्या रस्त्याला, एका पाड्यावर. त्याआधी वावरच्या पुढे वांगणीला होते, त्याच्याही आधी दाभोशाला. सगळी नोकरी जीपच्या मागच्या फळीवर बसून झाली. समोरच्याच्या गुडघ्यात आपले गुडघे, मांडीवर दुसऱ्याची कोंबडी, डोक्यावर टपावरच्या माणसांच्या टाचा. सकाळी स्वयंपाक, मग जीप, मग चार इयत्ता एका खोलीत, मग खिचडी, मग कसलं ना कसलं सर्वेक्षण, परत जीप, परत स्वयंपाक. निवृत्तीला तीनेक वर्षं उरली होती आणि मला फक्त झोप हवी होती. त्या वर्षांतलं मला कंबर आणि जांभया सोडून फारसं काही आठवत नाही. वर मी शहाणी होते. शहाणपणाने माणूस जास्त दमतो, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी त्याचंच शुद्धलेखन सुधारलं असतं.

हे सरकारी कचेरीत कारकून होते आणि माझ्याआधी निवृत्त झाले. निवृत्त झाले ते आटतच गेले. एसटी स्टँडासमोरच्या हॉटेलात मित्रांची रोजची बैठक होती, ती सोडली. लग्नाकार्याला जाईनात. घरी पाहुणे आले तर हसतमुखाने “हो, हो” म्हणत बसायचे, आणि पाहुणे जे विचारत असायचे त्याचं उत्तर बऱ्याचदा हो किंवा नाही असं नसायचंच. मी लगेच निदान केलं: रिकामपण. मला निदानाची फार हौस. वर्गात पोर पेंगलं की ताप, बायको गप्प बसली की नवरा पितो, माणूस निवृत्त झाला की रिकामपण. नाडी बघायची गरजच नाही.

अशात ठाण्याच्या मावसदिराचा फोन आला. त्याने हौसेने विजेवरची छोटी गाडी घेतली होती. हौस फिटली, गाडी उरली. “वहिनी, तुमच्या कामाची आहे. रोजचं अंतर बेतात आहे. चालवून बघा, नाही जमलं तर बिनधास्त परत पाठवा, मागणारा माणूस आहे माझ्याकडे.” ठाण्याहून जव्हारपर्यंत एका दमात येण्याची तिची ताकद नव्हती, म्हणून ती सिमेंटच्या टेम्पोत बसून आली. अख्खी आळी बघायला जमली. टेम्पोतून उतरवताना शेजारणीने विचारलं, “हिचं तोंड कुठलं हो?” पुढून मागून ती सारखीच दिसायची.

मला शाळेत नेण्या-आणण्याचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर आलेली वायर, आणि भारनियमनाच्या वेळा ह्यांना तोंडपाठ. गाडी वीज पीत असली की मी मिक्सर लावायचा नाही, असा हुकूम. मी पाट्यावर चटणी वाटायचे आणि मनात त्या गाडीला सवत म्हणायचे. पण कंबर सुखात होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे बोलायला लागले होते. घरात हो-हो करणारा माणूस गाडीत बसला की सुरू. कचेरीतल्या जुन्या गमती, लहानपणी नागलीच्या शेतात राखणीला बसायचे तेव्हाच्या गोष्टी. मी काही म्हटलं तर त्यावर चक्क उलटून बोलायचे! संसाराच्या तिसाव्या वर्षानंतर नवरा मुद्द्याला धरून भांडतो ही काय साधी गोष्ट आहे? मी ह्याचंही निदान केलं: स्टिअरिंग हातात आलं की पुरुषाला कंठ फुटतो.

दसऱ्याला गाडीला झेंडू बांधला, चाकांना हळदकुंकू लावलं. आणि त्यानंतरच्या आठवड्यात ब्रेक बोलू लागला.

दोन आवाज होते. एक जाडा, खरखर असा. सकाळी गाडी शेडमधून निघाली आणि पहिलं वळण आलं की यायचा, आणि चारदोन वळणांनी जायचा. दुसरा बारीक, चीं असा, पाटीवर नवी पेन्सिल उलटी धरून ओढल्यासारखा. तो उतारावर यायचा आणि जायचं नाव घ्यायचा नाही. मोखाड्याकडे जाताना उतार काही कमी नाहीत. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली कोणाचं तरी भाताचं खाचर, खूप खाली.

“अहो, ब्रेक वाजतोय.”

“वाजतोय ना. दोन दिवस ऐकतोय. बघतो.”

मी त्यावर थांबले असते तर मी मी कसली! पाड्यावरच्या एका आजीने मला मोहाच्या बियांचं तेल दिलं होतं, कंबरेला चोळायला. बैलगाडीचा आस कुरकुरला की हेच तेल, दाराची बिजागरी वाजली की हेच. रविवारी हे बाजारात गेलेले बघून मी वाटी आणि कापूस घेऊन चाकाशी बसले. चौथीला विज्ञानात घर्षण शिकवणारी बाई मी. घर्षण कमी करण्यासाठी वंगण वापरतात, हे वाक्य फळ्यावर लिहून लिहून माझा खडू झिजला होता. ब्रेक म्हणजेच घर्षण, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. चाकाच्या आत हात कुठून घालायचा ते सापडलं नाही म्हणून मी आज हे लिहायला आहे. वाटी घेऊन बसलेली असतानाच ह्यांनी आणलेला मिस्त्री फाटकातून आत आला.

“काय करता, बाई?”

“तेल घालतेय. आवाज येतो ना.”

“घाला, घाला. एकदा तेल लावला का आवाज बी नाय, ब्रेक बी नाय, सरळ खाली खाचरात. भात कापायला वेळेवर पोचाल.”

हा मिस्त्री डेपोच्या मागे जीप दुरुस्त करायचा. काही वर्षं भिवंडीच्या गॅरेजात काढून आलेला, त्यामुळे निम्मं हिंदी आणि पूर्ण आत्मविश्वास. पण विजेच्या गाडीपुढे त्याचाही पाय अडला. रबरी चप्पल घालून आला होता, तरी आमच्याकडे लाकडी पाट मागितला. पाटावर उभा राहून त्याने बोटाच्या टोकाने गाडीला हात लावला, झटका बसला नाही, मग हसला.

“जीप असती तर इंजनचा आवाज ऐकून सांगितला असता. हिच्यात ऐकू काय? हिला तर जानच नाय.” तरी चाकं फिरवून बघितली. “भाऊसाहेब, ब्रेक किती मारता?”

हे खुलले. कोणी तरी विचारायची वाटच बघत होते. “मारतच नाही! पाय उचलला की ही गाडी आपोआप आवळते, आणि तेवढी वीज परत बॅटरीत. मी अख्खा उतार ब्रेकला नुसता पाय टेकवत उतरतो.”

“मग वाजणारच. लोखंडाची तबकडी आहे आत, रातभर दवात भिजते, गंजते. पॅडने घासली तर गंज निघणार ना? तुम्ही घासूच देत नाय. सपाटीवर रोज चार टाइम जोरात दाबा.”

वीज वाचवण्यापायी ब्रेकच न वापरणारा माणूस! पण मी हसले नाही, कारण तेलाची वाटी अजून माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवसापासून हे राजवाड्याकडच्या सपाट रस्त्यावर जोरजोरात ब्रेक दाबायला लागले. माझं कपाळ दोनदा पुढच्या काचेजवळ जाऊन आलं. पण खरखर गेली. खरंच गेली. ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

“बघ! गेला आवाज.”

“जाडा गेला. बारीक आहे.”

“कुठला बारीक?”

“चीं. हा काय आत्ता!”

“काही नाही गं. तुझ्या कानात बसलाय तो.”

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. उतारावर चीं, आणि हे शांतपणे “गेला, गेला.” मला वाटलं, लपवतात. गाडी परत जाईल म्हणून लपवतात. ह्यांना वाटलं, मी नसलेला आवाज काढते, कारण मला मिक्सर लावायचा आहे. असं भांडण झालं म्हणता! तेही गाडीतच, कारण घरात भांडायला गेलं की हे ‘हो’ म्हणून मोकळे व्हायचे.

“तुला ही गाडी नकोच होती. पहिल्यापासून सवत म्हणतेस तिला.”

हे मी मनात म्हणायचे असा माझा समज होता.

“आणि तुम्हाला बायको खाली पडलेली चालेल, पण गाडी हवी!”

शेवटी मी सांगून टाकलं. चीं गेली नाही तर दिवाळीच्या सुट्टीनंतर मी जीपने जाईन, आणि गाडी ठाण्याला जाईल. बोलताना मला चांगलं माहीत होतं की मी काय काढून घेते आहे. गाडी गेली की हा माणूस पुन्हा ओट्यावर बसणार, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसणार आणि हो-हो म्हणणार. माहीत असून बोलले. दमलेलं माणूस धमकी देतं तेव्हा त्याला ती पाळायचीही ताकद नसते, पण समोरच्याला ते कळत नाही. ह्यांनी गाडी शेडमध्ये लावली, वायर जोडली. मग म्हणाले, “उद्या मिस्त्रीला बोलावतो. तोच काय ते सांगेल.”

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या रस्त्यावर परीक्षा ठरली. हे चालवणार, मी शेजारी, काचा खाली, आणि मिस्त्री बाजूने एक हात दारावर ठेवून पळणार. गाडीला स्वतःचा आवाज नाही, म्हणून त्याला बाहेरून कान लावता येत होता. जीपच्या बाजूने असा पळाला असता तर नुसता धूर ऐकला असता. फिरायला निघालेली माणसं थांबून बघत होती. चपलांची फटफट, माझ्या बांगड्या, आणि मधूनच चीं.

“आला!” मिस्त्री ओरडला. “डाव्या चाकाला! आला का, बाई?”

“आला.”

“भाऊसाहेब?”

“हां, आला, आला,” हे म्हणाले.

आठवडाभर नाही म्हणणारा माणूस आज आला म्हणतो? पुन्हा एक फेरी. पुन्हा चीं, पुन्हा ह्यांचं “आला”, पण जरा उशिरा. आणि तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की हे उत्तर देण्याआधी माझ्याकडे बघतात. नुसतं बघत नाहीत, माझ्या कपाळाकडे बघतात. चीं झाली की माझं कपाळ आपोआप आक्रसायचं. पस्तीस वर्षं पोरांसमोर उभी राहिलेली बाई मी. शेजारच्याच्या पाटीवरून उत्तर उतरवणारं पोर मी पाठमोरी असले तरी ओळखते.

माझ्या अंगात खोड आहे, ती आहे. पुढच्या फेरीला रस्ता सपाट होता, ह्यांचा पाय ब्रेकवर नव्हता, आवाज कसलाच नव्हता. मी मुद्दाम कपाळाला आठी घातली, डोळे मिटले, दात आंबल्यासारखं तोंड केलं.

“हां, हा बघ, आला,” हे म्हणाले.

“कुठं आला?” मिस्त्री बाहेरून धापा टाकत हसला. “ब्रेकच नाय मारला तुम्ही!”

मला वाटलं होतं, मला हसू येईल. मी तेवढ्यासाठीच केलं होतं ते. पण ह्यांनी गाडी हळूच बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मिस्त्रीला त्यातलं काही कळलं नाही. तो चाकाशी बसला. डाव्या चाकाचा पॅड गंजाने अडकून एकाच बाजूने घासत होता आणि झिजून पार पत्र्याला आला होता. “मी पहिल्याच दिवशी बोललो होतो,” तो म्हणाला. बोलला नव्हता. नवे पॅड ठाण्याहून मागवा, तोवर घाटात नेऊ नका, एवढं सांगून तो पाना पुसत गेला.

आम्ही दोघं गाडीतच राहिलो. मी काचा वर केल्या.

“कधीपासून?” मी विचारलं.

“बारीक आवाज बरीच वर्षं नाही. कुकरची शिट्टी, तुझा तो फोन, पाखरं. जाडं ऐकू येतं. तुझा आवाज येतो.”

“माझा येतो?”

“तुझा जाडा आहे.”

पस्तीस वर्षं वर्गात ओरडून माझा आवाज रानडुकरासारखा झालाय ह्याचं मला वाईट वाटायचं. त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं नाही.

“पण तुझाही सगळीकडे नाही येत,” हे म्हणाले. “चार माणसं बोलायला लागली की सगळ्याचा काला होतो. हॉटेलात काही कळायचं नाही. जीपमध्ये तर अजिबात नाही. हिच्यात इंजिन नाही ना, हिच्यात तू नीट ऐकू येतेस.”

“म्हणजे बाजाराला, लग्नाकार्याला जाता-येता जीपमध्ये मी इतकी वर्षं काय काय बोलले, ते?”

“मी हो म्हणायचो.”

“अहो, परसातला फणस तोडू का म्हणून मी जीपमध्ये विचारलं होतं! तुम्ही हो म्हणालात!”

“मला काय ठाऊक फणसाचं विचारतेस ते! म्हटलं, शाळेतलं काही असेल.”

त्या फणसावरून हे महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. आणि मी त्यांना दुटप्पी म्हटलं होतं, सासूबाईंच्या समोर.

दिवाळीनंतर नवे पॅड आले, बसले, चीं गेली. गाडी अगदी निर्धोक झाली. चालवणाऱ्याचं तसं नव्हतं. ह्यांनीच म्हटलं, “ब्रेक मेला तरी मला कळणार नाही. मागून एसटीने हॉर्न दिला तरी जवळ आल्यावर कळतो. तू शेजारी बसून सांगत राहिलीस तर नेईन.” मी म्हटलं, त्यात काय, सांगेन की! ठरवलं: आवाज आला की मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. सकाळी ते छान जमलं. मी कान टवकारून बसायचे. दगड उडाला, हात. मागून ट्रक, हात. हे हसायचे, “अगं, कावळा ओरडला तरी हात ठेवतेस.”

संध्याकाळी मात्र जमलं नाही. दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं वीटभट्ट्यांवर निघतात, पोरांना बरोबर घेऊन. त्या दिवसांत मी घरोघरी फिरून, पोराला आजीपाशी ठेवा, शाळेत राहू द्या, अशा विनवण्या करायचे. निम्म्या घरांना तोवर कुलूप लागलेलं असायचं, उरलेली चहा पाजायची. त्यानंतर मऊ सीट, बंद काचा आणि तो मुका झुला. शाळेचं वळण संपायच्या आत माझी मान पडायची. मी गालाच्या आतून चावून बघितलं. खडीसाखर चघळून बघितली. श्लोक म्हटले, तर त्या श्लोकांनीच झोप आली.

एका संध्याकाळी चढावर जाग आली ती शिव्यांनी. एसटीचा ड्रायव्हर आमच्या बाजूने गाडी काढत, अर्धा बाहेर वाकून ओरडत होता. किती वेळ हॉर्न देत होता देव जाणे. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. कपाळाला घाम होता. माझा हात ह्यांच्या गुडघ्यावर नव्हता, माझ्याच मांडीवर पालथा पडला होता.

“मला उठवायचं ना!”

“इतकी दमलेलीस,” हे म्हणाले.

सकाळी उठले तर गाडीची वायर काढलेली. माझी पिशवी आणि डबा घेऊन हे जीपच्या थांब्यावर माझ्या आधी जाऊन उभे होते. ड्रायव्हरशी बोलून मला पुढची सीट मिळवून दिली. काय बोलले कोणास ठाऊक, आणि तो काय म्हणाला ते ह्यांना किती कळलं, तेही. पुढे नाशिकला जाऊन कानाचं यंत्र आणलं. ते शिट्ट्या मारायचं, त्या ह्यांना ऐकू येत नसत, मला येत. मग ते खिशात राहू लागलं.

गाडी ठाण्याला गेली नाही. दोघांपैकी कोणी फोनच केला नाही. निवृत्तीपर्यंत मी जीपने गेले. संध्याकाळी थांब्यावरून पाय ओढत घरी यायचे, तर शेडमध्ये हे गाडीत स्टिअरिंगमागे बसलेले, शेजारचं दार उघडं, पुढे ठेवलेला चहाचा थर्मास. आळीतली माणसं म्हणायची, भाऊसाहेबांचं डोकं फिरलं, उभ्या गाडीत बायकोला फिरायला नेतात.

“ये. दार लावून घे. बोल आता.”

मी आत बसायचे, दार ओढायचे. बाहेरचं जग बंद व्हायचं. सांगायला पुष्कळ असायचं. आज कोणाचं घर बंद झालं, कोणती पोर भट्टीवर न जाता राहिली. “आज काय झालं माहितीय,” एवढं म्हणायचे आणि चहा ओतेपर्यंत झोपून जायचे. हे उठवायचे नाहीत. जाग आली की बघायचे, तर चहा गार, काचेवर वाफ, आणि हे माझ्याकडे तोंड करून, मी आता पुढचं सांगेन म्हणून बसलेले.